तबकडी तशीच ठेवली: अण्णांच्या घड्याळाची दीड वर्षाची हकिकत

26 ऑक्टोबर 2021 रोजी बँकेतील लॉकर उघडला, तेव्हा अण्णांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, घड्याळ एका पांढऱ्या हातरुमालात गुंडाळलेले सापडले. अण्णा जुलैमध्ये गेले होते. लॉकर त्यांच्या एकट्याच्या नावावर होता आणि नॉमिनी म्हणून माझे नाव होते, त्यामुळे मृत्यूचा दाखला, माझे ओळखपत्र, लॉकरची किल्ली आणि दोन साक्षीदार एवढ्यावर काम झाले. मात्र आतील प्रत्येक वस्तूची यादी होऊन तिच्यावर सर्वांच्या सह्या झाल्याखेरीज काहीही बाहेर नेता येत नाही, म्हणून या कामासाठी अर्धा दिवस मोकळा ठेवावा. यादी करणाऱ्या कर्मचाऱ्याने ‘जुने मनगटी घड्याळ, बंद, काच खराब – 1’ असे लिहिले. त्या क्षणी मलाही ते वर्णन अगदी बरोबर वाटले.

अण्णा मूळचे देवगडचे. मरीन इंजिनीयर म्हणून त्यांनी पंचवीस वर्षे जहाजांवर काढली आणि हे ओमेगा सीमास्टर 300 त्यांनी 1968 साली हाँगकाँगमध्ये घेतले, एवढेच मला ठाऊक होते. लहानपणी ते सुट्टीवर आले की त्यांच्या मनगटावर काळ्या तबकडीचे हे जाड घड्याळ असायचे. लॉकरमधून निघाले तेव्हा ती तबकडी काळी उरली नव्हती. ती कोरड्या तंबाखूच्या पानासारखी तपकिरी झाली होती, तासांच्या खुणा साजूक तुपासारख्या पिवळसर पडल्या होत्या, काचेभोवतीच्या फिरत्या कडीला चाळीसच्या आकड्यापाशी चीर गेली होती आणि काचेवर एवढे चरे होते की काटे नीट दिसत नव्हते. माझ्या मनात आले, याची चांगली डागडुजी करून घ्यावी आणि अण्णांच्या पहिल्या वर्षश्राद्धापर्यंत ते नव्यासारखे दिसावे.

दादाशी त्याच दिवशी बोलणे झाले. घड्याळ तू ठेव, असे तो म्हणाला. मी त्याच्याकडून तेवढे एका कागदावर लिहून घेतले आणि हे काम घड्याळाची किंमत कळण्याआधी झाले, याचे मला पुढे फार समाधान वाटले. किंमत कळल्यावर मी त्याला लगेच फोन करून ती सांगितली. तो म्हणाला, कागद फाडायची गरज नाही. भावंडांमध्ये या गोष्टी आधी आणि उघडपणे झालेल्या बऱ्या.

18 डिसेंबर 2021, शनिवार. मी पुण्यातल्या एका दुकानात घड्याळ दिले. दुकानदारांनी ते उलटसुलट करून पाहिले आणि सांगितले की मशीन धुऊन तेल घालावे लागेल, काच बदलावी लागेल, केस, म्हणजे घड्याळाचे धातूचे कवच, बफवर (घासण्याच्या चाकावर) पॉलिश करून ‘आरशासारखी’ करता येईल आणि ‘डायल पार जळून गेले आहे, ते नव्याने रंगवून देतो’. सगळे मिळून साडेचार हजार रुपये. विकायचे असेल तर आहे त्या स्थितीत पंधरा हजार द्यायलाही ते तयार होते. मी पाचशे रुपये आगाऊ देऊन पावती घेतली. पावतीवर फक्त ‘ओमेगा, रिपेअर’ एवढेच होते. काय बदलायचे आणि काय नाही, याचा एक शब्दही नव्हता. ही माझी मोठी चूक होती आणि तिची किंमत मी पुढे मोजली.

सोमवारी रात्री माझ्या भाच्याला मी सहज घड्याळाचा फोटो पाठवला. त्याचा पाच मिनिटांत फोन आला. “आत्या, घड्याळ आत्ता कुठे आहे? तबकडीला हात लावला का कुणी?” तो जुन्या घड्याळांविषयी वाचत असतो, हे मला ठाऊक होते, पण त्याचा आवाज इतका घाबरलेला मी कधी ऐकला नव्हता. दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या वेळी मी दारात उभी होते. तबकडी वाचली, कारण ती रंगवणाऱ्याकडे बुधवारी जाणार होती. केसही वाचली. काच मात्र काढून फेकली गेली होती आणि तिच्या जागी साधी, बाजारात मिळणारी काच बसवलेली होती. जुन्या काचेच्या मधोमध, आतल्या बाजूने, ओमेगाचे अगदी बारीक चिन्ह असते, ते भिंगाखालीच दिसते, आणि अस्सल काचेची ती खूण असते, हे मला त्यानंतर आठवड्याने कळले. मी कचऱ्याच्या डब्याची चौकशी केली होती, पण तो रिकामा झालेला होता.

त्यानंतरचे तीन महिने मी केवळ वाचत आणि पाहत होते. मी महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवीत असे, त्यामुळे या विषयाचा एक दरवाजा मला लवकर उघडला. घड्याळजीचे दहापट मोठे दाखवणारे भिंग साडेतीनशे रुपयांना आणि अतिनील टॉर्च तीनशेला मिळाली. ज्यांच्या घरात असे घड्याळ आहे, त्यांनी दुकानाची पायरी चढण्यापूर्वी या दोन वस्तू घ्याव्यात, असे मी आग्रहाने सांगेन.

तबकडीच्या तळाशी, सहाच्या खाली, भिंगातून ‘स्विस मेड’ या शब्दांच्या दोन्ही बाजूंना एकेक ‘टी’ दिसला. हा ‘टी’ म्हणजे ट्रिटियम, अंधारात चमकणाऱ्या रंगात रेडियमच्या जागी आलेले किरणोत्सारी द्रव्य. आपण अंधारात चमकणाऱ्या कोणत्याही काट्यांना सरसकट ‘रेडियमचे काटे’ म्हणतो, पण खरे रेडियम 1960 च्या दशकात घड्याळांतून हद्दपार झाले. त्याआधी अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यातील ऑरेंज या गावी 1917 नंतरच्या काही वर्षांत तबकड्या रंगवणाऱ्या मुली ब्रशचे टोक ओठांनी टोकदार करीत, आणि त्यांच्यापैकी अनेकींना त्यातून जीवघेणे आजार जडले. रेडियमचे अर्धायुष्य, म्हणजे ते निम्मे उरायला लागणारा काळ, सुमारे 1,600 वर्षे, म्हणून त्या काळातील घड्याळे आजही किरणोत्सारी आहेत आणि त्यांची झाकणे घरी उघडू नयेत. ट्रिटियमचे अर्धायुष्य 12.3 वर्षे. 1967 पासून (घड्याळाचे हे निर्मितीवर्ष मला पुढे कळले) 2022 पर्यंतच्या पंचावन्न वर्षांत साडेचार अर्धायुष्ये उलटतात, म्हणजे मूळच्या ट्रिटियमपैकी साधारण साडेचार टक्के उरते. दरम्यान त्याच्या किरणांनी सोबतचे, प्रत्यक्ष चमकणारे झिंक सल्फाइड थकते आणि मूळचा फिकट रंग हळूहळू पिवळसर, मग मधासारखा होतो. कागदावर हे गणित मांडल्यावर मी पुन्हा त्या तुपाच्या रंगाच्या खुणांकडे पाहिले. ती घाण नव्हती. पंचावन्न वर्षे सलग चाललेली एक अभिक्रिया मला डोळ्यांनी दिसत होती.

तपकिरी तबकडीचेही तसेच. काळ्या तबकडीवरील रंग आणि लाखेचा थर ऊन, उष्णता आणि दमट हवा यांनी बदलतो. अशा तबकड्यांना संग्राहक ‘ट्रॉपिकल’ म्हणतात, कारण उष्ण प्रदेशात राहिलेल्या घड्याळांत हा बदल विशेष दिसतो, असा समज आहे. प्रत्येक घड्याळात तो होत नाही. एकाच वर्षीची, एकाच नमुन्याची दोन घड्याळे घेतली आणि एक कपाटात व दुसरे मनगटावर राहिले, तर ती वेगवेगळी म्हातारी होतात. कारखान्यातून निघताना हजारो घड्याळे एकसारखी असतात. पन्नास वर्षांनी त्यांपैकी प्रत्येक एकमेव झालेले असते, आणि संग्राहक जे शोधतात ते हे एकमेवपण.

काही उदाहरणांनी मला हा विचार पटत गेला. रोलेक्सच्या डेटोना 16520 या नमुन्याच्या 1990 च्या दशकाच्या मध्यातील काही काळ्या तबकड्यांवर लहान वर्तुळांच्या चंदेरी कडा तपकिरी झाल्या, कारण त्यांवरचा सेंद्रिय वार्निशचा थर खालच्या धातूला पुरेसे संरक्षण देऊ शकला नाही. म्हणजे ही सरळसरळ निर्मितीतील उणीव. पण लिलावांच्या क्षेत्रातील ओस्वाल्दो पात्रित्सी यांनी ती लक्षात आणून दिली आणि आज ती तबकडी त्यांच्याच नावाने ओळखली जाते व साध्या तबकडीपेक्षा जास्त किमतीला जाते. 1980 च्या दशकातील काही चकचकीत काळ्या तबकड्यांवरील लाखेला जाळीदार भेगा गेल्या. त्यांना ‘स्पायडर’, म्हणजे कोळ्याच्या जाळ्याची तबकडी म्हणतात. आणि पॉल न्यूमन या अभिनेत्याची रोलेक्स डेटोना 26 ऑक्टोबर 2017 रोजी न्यू यॉर्कमध्ये फिलिप्स या लिलावगृहाच्या लिलावात सुमारे 1 कोटी 77 लाख 52 हजार डॉलरला गेली. ती त्याने रोज वापरलेली होती, आणि मागच्या झाकणावर त्याच्या पत्नीने ‘गाडी जपून चालव’ अशा अर्थाचे शब्द कोरून घेतले होते. एरवी कोरलेल्या अक्षरांनी घड्याळाची किंमत घटते, असे कोणीही सांगेल.

पण प्रत्येक खराबी मोलाची असते, असा याचा अर्थ नाही, आणि हा भेद नीट समजायला मला सर्वांत जास्त वेळ लागला. आत पाणी शिरून तबकडीचा रंग पोपडे होऊन सुटला असेल, मशीनवर गंज असेल, खुणांतील चूर्ण ओलीने हिरवट-काळे पडून कुजले असेल, तर किंमत उतरते. सगळीकडे सारखा पसरलेला बदल आणि एकाच कोपऱ्यातली नासाडी यांत फरक आहे. माणसाने मागाहून केलेली दुरुस्ती तर सर्वांत वाईट, कारण वयाने आणलेला बदल घड्याळाच्या इतिहासात भर घालतो आणि ब्रशने केलेला बदल तो इतिहास पुसून टाकतो. आपल्याकडच्या जुन्या मोडी कागदावरील फिकी अक्षरे वाचायला कितीही त्रास झाला, तरी त्यांवरून नव्या शाईचे पेन फिरवण्याचे कुणाच्या मनात येणार नाही. तबकडीबाबत मात्र मी साडेचार हजार रुपये देऊन नेमके तेच करायला निघाले होते.

येथे एक गोष्ट मला दुःखाने लिहावी लागते. परदेशी संग्राहकांमध्ये ‘मुंबई स्पेशल’ असा शब्द आहे आणि तो कौतुकाचा नाही. तबकडी नव्याने रंगवलेली, केस घासून गुळगुळीत केलेली, भाग इकडचे तिकडचे, असे भारतातून विकायला येणारे घड्याळ, असा त्याचा अर्थ. त्या शब्दामागचा राग मला समजतो, पण त्यातला तुच्छतेचा सूर मला मान्य नाही. परदेशी घड्याळांच्या आयातीवर कडक निर्बंध होते आणि सुटे भाग मिळत नव्हते, त्या काळात आपल्या कारागिरांनी हाताने तबकड्या रंगवून लोकांची घड्याळे चालती ठेवली. ते प्रामाणिक काम होते. लबाडी त्या तबकडीला ‘मूळची’ म्हणून विकण्यापासून सुरू होते. रंगवलेली तबकडी ओळखायची असेल, तर भिंगाखाली अक्षरांच्या कडा पाहाव्यात: मूळ छपाई उठावदार आणि काटेकोर असते, नवी पसरट आणि किंचित फुगलेली. तळाचा ‘टी’ गायब असणे हीदेखील मोठी खूण आहे.

मार्च 2022 मध्ये अतिनील टॉर्च लावली तेव्हा मला आणखी एक गोष्ट कळली. टॉर्च विझवल्यावर तबकडीवरचे ठिपके आणि तास-मिनिटांचे काटे तत्काळ मावळले, पण सेकंदकाट्याचा चमकता भाग बराच वेळ उजळत राहिला. म्हणजे तो काटा नंतर बदललेला होता आणि त्यावर 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात आलेले, किरणोत्सार नसलेले नवे द्रव्य होते. अण्णांच्या कागदपत्रांत शोधल्यावर 2004 सालची एक दुरुस्तीची पावती सापडली. मला वाईट वाटले खरे, पण तेवढीच एक तारीख हाती लागली. घरातले जुने कागद, पावत्या, घड्याळ हातात असलेले फोटो, यांतले काहीही टाकू नये. अण्णांचा जहाजाच्या डेकवरचा 1971 चा एक फोटो मिळाला. त्यात बाही दुमडलेली आहे आणि कडीला चीर गेलेली नाही.

घड्याळ खरोखर कुठले आणि केव्हाचे, हे कंपनीच्या जुन्या नोंदींवरून कळवून घेण्याची सोय तेव्हा होती. 12 एप्रिल 2022 रोजी मी अर्ज केला. त्यासाठी तबकडी, झाकणाची आतली बाजू आणि मशीनवरचा क्रमांक यांचे स्पष्ट फोटो लागतात, आणि ओमेगाच्या या काळातील घड्याळांत हा क्रमांक मशीनवरच कोरलेला असतो, म्हणजे झाकण उघडावेच लागते. भाच्याच्या ओळखीच्या एका घड्याळजींनी माझ्यासमोर ते उघडले, दोनशे रुपये घेतले आणि दहा मिनिटे मला आत पाहू दिले. तांबूस, गुलाबी झाक असलेले 552 क्रमांकाचे स्वयंचलित मशीन, तासाला 19,800 ठोके देणारे, इतकी वर्षे अंधारात राहूनही स्वच्छ होते. सुमारे दहा हजार रुपये शुल्क कार्डाने भरले आणि आठ आठवड्यांनी, 9 जूनला, टपालाने जाड कागद आला. निर्मिती 1967, पाठवणी हाँगकाँगला. अण्णांनी सांगितलेली गोष्ट अक्षरशः खरी होती. तो कागद हातात घेऊन मी बराच वेळ नुसती बसून होते. (असा अर्ज आता करायचा असेल, तर ही सेवा सध्या चालू आहे का आणि कोणत्या स्वरूपात, ते आधी कंपनीच्या संकेतस्थळावर पाहून घ्यावे.)

आता दुरुस्ती. अधिकृत सेवाकेंद्राकडे जाण्याचा मार्ग सरळ होता, पण तेथे घड्याळ पुन्हा पाण्यात वापरता येईल अशा अवस्थेत आणण्यावर भर असतो आणि त्यासाठी तबकडी, काटे, कडी बदलण्याचा प्रस्ताव येणे साहजिक आहे. रोज वापरायच्या घड्याळासाठी ते योग्यच. मला मात्र असे कोणी हवे होते, जो कमीत कमी हात लावेल. बरीच विचारपूस करून मुंबईत फोर्टमधल्या एका वयस्क घड्याळजींचे नाव मिळाले. त्यांच्याकडे चार महिन्यांची रांग होती. कुरिअरवर माझा विश्वास बसेना, म्हणून 5 जुलै 2022 रोजी सकाळच्या डेक्कन क्वीनने मी स्वतः गेले. घड्याळ एका डब्यात कापसात ठेवून तो डबा सगळा वेळ मांडीवर धरला होता.

या वेळी मी एक छापील कागद नेला होता आणि तो या सगळ्या अनुभवातला माझा सर्वांत उपयोगी सल्ला आहे. त्यावर असे होते: तबकडी, काटे आणि कडी बदलू नये, धुऊ नये, रंगवू नये, केसला पॉलिश करू नये, बदललेला प्रत्येक भाग, तुटका असला तरी, परत द्यावा, कोणताही नवा भाग घालण्यापूर्वी फोन करावा. खाली तारीख, घड्याळाचा क्रमांक, दोघांच्या सह्या, आणि सोबत सर्व बाजूंचे आठ फोटो. मला वाटले होते, त्या घड्याळजी काकांना राग येईल. त्यांनी चष्मा लावून तो शांतपणे वाचला, सही केली आणि म्हणाले, “बाई, प्रत्येकाने असा कागद आणला तर माझी अर्धी भांडणे मिटतील.”

मग त्यांनी मला केसचे कान दाखवले, म्हणजे पट्टा जेथे अडकतो ती चार टोके. सीमास्टर 300 चे कान वळणदार, वीणेच्या बाहूसारखे पिळलेले असतात आणि त्यांच्या कडेला एक धारदार रेषा असते. प्रत्येक वेळी बफवर घासले की धातूचा थर जातो, ती रेषा बोथट होते आणि शेवटी कान बारीक, गोलसर होऊन जातात. गेलेला धातू परत येत नाही. अण्णांच्या घड्याळावर सगळीकडे चरे होते, डाव्या बाजूला एक खोल खाच होती, पण ती रेषा चारही कानांवर नखाला लागत होती. झाकणावरचा समुद्री घोडा मात्र मनगटाला लागून झिजला होता: तोंड आणि अयाळ जवळजवळ गुळगुळीत, शेपटीची वेटोळी अजून स्पष्ट. काकांनी भिंग माझ्या हातात दिले आणि म्हणाले, ही झीज कुणी नक्कल करून आणू शकत नाही, कारण ती एका माणसाच्या मनगटाच्या आकाराची आहे. मी अनेक वर्षांत अण्णांच्या इतकी जवळ गेले नव्हते.

काम दिवाळीनंतर हाती घेतले गेले. सप्टेंबरमध्ये मी काचेच्या मागे लागले होते. मधोमध चिन्ह असलेली अस्सल काच परदेशातील एका सुट्या भागांच्या विक्रेत्याकडे 3,900 रुपयांना मिळाली. ती येताना कुरिअर कंपनीने पॅन आणि आधारची प्रत मागितली, सीमाशुल्क आणि हाताळणीचे मिळून 1,700 रुपये वर लागले, आणि कागदपत्र पोहोचेपर्यंत पाकीट बारा दिवस दिल्लीत अडून राहिले. परदेशातून काही मागवण्यापूर्वी ही ओळखपत्रांची पूर्तता आधीच ऑनलाइन करून ठेवावी.

नोव्हेंबरच्या अखेरीस काकांचा फोन आला. मुख्य स्प्रिंग थकली आहे, बदलू का? ती बदलायला हरकत नव्हती. घड्याळाच्या आतले झिजणारे भाग बदलणे म्हणजे त्याची देखभाल, आणि संग्राहकही त्याला दोष देत नाहीत. दुसरा प्रश्न अवघड होता. 2004 मध्ये बसवलेला सेकंदकाटा बदलून त्या काळातला मूळ काटा घालायचा का? एका परदेशी विक्रेत्याकडे तो होता, अठरा हजार रुपयांना. दोन दिवस मला झोप लागली नाही. मूळ काटा घातला तर घड्याळ अधिक ‘बरोबर’ दिसले असते आणि किंमतही वाढली असती. पण तो काटा दुसऱ्या कुणाच्या तरी घड्याळातून निघालेला असता आणि अण्णांच्या घड्याळावर कधीच नव्हता. मी नको म्हटले. या विषयातले जाणकार माझ्याशी असहमत होऊ शकतील, आणि विक्रीचा हेतू असेल तर त्यांचे म्हणणे बरोबरही ठरेल. फक्त बदल केला तर तो लिहून ठेवावा, एवढे तरी दोन्ही बाजूंना मान्य व्हावे.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी, 14 जानेवारी 2023 रोजी, घड्याळ हाती आले. मजुरी, स्प्रिंग, रबरी कड्या आणि तेल मिळून 14,500 रुपये. काकांनी ते तपासणीच्या यंत्रावर ठेवून दाखवले: दिवसाला नऊ सेकंद पुढे. पन्नास वर्षांहून जुन्या यंत्रासाठी हे उत्तम आहे, असे ते म्हणाले. पाण्याजवळ नेऊ नका, हात धुतानाही काढून ठेवा, हे त्यांनी तीनदा बजावले. एका लहान पुडीत त्यांनी जुनी स्प्रिंग, जुन्या रबरी कड्या आणि कडीच्या चिरेतून सुटलेला एक काळा कण परत दिला. स्वच्छ काचेतून मी ती तपकिरी तबकडी प्रथमच नीट पाहिली. उन्हात तिच्या कडेला रंग थोडा अधिक गडद आहे आणि मध्याकडे तो फिका होत जातो. दर तासाच्या खुणेचा पिवळा किंचित वेगळा आहे.

मार्चमध्ये घरविम्यात नोंद करण्यासाठी मूल्यांकन करून घेतले. विमा कंपनी मूल्यांकनाचे पत्र, फोटो आणि खरेदीचा किंवा मालकीचा पुरावा मागते. लॉकरची यादी, दादाचा कागद आणि ओमेगाचा दाखला येथे कामी आले. मूल्यांकन करणाऱ्यांनी साडेसहा लाख रुपये लिहिले. सेकंदकाटा आणि चिरलेली कडी यांचे पैसे त्यांनी वजा केले होते, आणि तबकडी रंगवलेली असती तर हाच आकडा अर्ध्याहूनही खाली आला असता, असे सांगितले.

जून 2023 मध्ये एक बातमी वाचली आणि माझे हात थंड पडले. नोव्हेंबर 2021 मध्ये जिनिव्हात फिलिप्सच्या लिलावात ओमेगाचे 2915-1 या नमुन्याचे एक स्पीडमास्टर, सुंदर तपकिरी झालेल्या तबकडीचे, 31 लाख 15 हजार 500 स्विस फ्रँकला गेले होते. लिलावापूर्वीचा अंदाज एक लाखाच्या आसपास होता. ते घड्याळ वेगवेगळ्या घड्याळांचे भाग जोडून तयार केलेले होते, आणि त्यात कंपनीच्या तीन माजी कर्मचाऱ्यांचा हात होता, असे आता ओमेगाने जाहीर केले होते. ते विकत घेतले होते ओमेगाच्याच संग्रहालयासाठी. वयाच्या खुणांना एवढे मोल आले की त्या खुणाच जुळवून आणण्याचा उद्योग सुरू झाला. म्हणून जुने घड्याळ विकत घ्यायचे असेल, तर तपकिरी रंग पाहून भुलू नये. ते कुणाच्या मनगटावर, कुठे, किती वर्षे होते याचा कागद मागावा, आणि कागदातले क्रमांक घड्याळातल्या क्रमांकांशी स्वतः ताडून पाहावेत.

सध्या घड्याळ घरीच आहे, लोखंडी कपाटात, हवाबंद डब्यात, सोबत सिलिका जेलच्या दोन पुड्या. पुण्याच्या पावसाळ्यात त्या दर महिन्याला बदलते. पंधरा दिवसांतून एकदा हाताने चावी देते आणि दिवसभर चालू ठेवते. डब्यात पुडीतले जुने भाग, 2004 ची पावती, काकांच्या सहीचा कागद, 1971 च्या फोटोची प्रत आणि एक यादी आहे. यादीत घड्याळात काय मूळचे आहे, काय केव्हा बदलले, ते तारखांनिशी लिहिले आहे. तिची पहिली ओळ अशी: ‘21 डिसेंबर 2021 – मूळ काच माझ्या निष्काळजीपणामुळे गेली.’